मोटरीचं कुंकू

नाखवीण यंत्रांना शिव्या द्यायची. माणसांनाही द्यायची, पण यंत्रांना जरा जास्त मायेने. कोपरखैरण्याच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मासळीची पाटी घेऊन आली, की आधी फ्रिजची घुरघुर ऐकायची आणि म्हणायची, "म्हातारा अजून झोपलाय काय?" मिक्सर अडला तर त्याच्या पाठीत एक चापट घालायची. तो चालू व्हायचा. तुमच्या आजोबांच्या चापटीने तो कधीच चालू झाला नाही, आणि हे त्यांना फार लागलं होतं.

मुलांनो, नाखवा म्हणजे होडीचा मालक. बोनकोड्याच्या बाजूला खाडीवर तिच्या नवऱ्याची होडी होती, म्हणून ही नाखवीण. नवरा गेल्यावर होडी आणि तिच्या मागे टांगलेली जुनी मोटर ती स्वतःच चालवू लागली. सोसायटीतल्या काहींना ते बरं दिसत नसे. मासळी मात्र त्यांना तिच्याचकडची लागे.

खरं बोलणं ही तिच्या लेखी सणासुदीची गोष्ट. बर्फात निजलेली कोलंबी दाखवून ती म्हणायची, "आता आता उडत व्हती." मी भुवया उंचावल्या, की ठरलेलं उत्तर यायचं, "तू इंग्रजी शिकलेली, तुला मासली काय कलनार?"

नवरा गेला आणि मोटर बिघडली. सुरू अगदी झोकात व्हायची, थोडं अंतर झपाट्याने तोडायची आणि मग दम लागल्यासारखी मंदावायची. जरा विसावा दिला, की पुन्हा शहाणी. प्लग घासून झाले, गाळणी बदलून झाली, पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला नाही ना, तेही पाहून झालं. नाखविणीचं निदान वेगळंच होतं. "नाखव्याची आठवन येते तिला. लांब गेली की रडते." नवरा गेल्यापासूनच ती रोज सकाळी मोटरीला तेलात कालवलेलं कुंकू लावायची. मोटरीवर खारं पाणी उडून ते टिकत नसे, तेव्हा होडीत कोरड्या जागी ठेवलेल्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, चांगलं बोटभर जाड. स्वतःचं कपाळ मात्र तिने मोकळं ठेवलं होतं. त्यावर कुणी बोलत नसे; इतकी बोलकी बाई, पण तीही नाही.

तिच्या धाकट्या दिराचा मोटरीवर डोळा होता. बाईमाणसाने पाटी सांभाळावी, असं त्याचं म्हणणं. एकदा नाखवीण चिडली आणि तिने साऱ्या गावासमोर सांगून टाकलं: नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला होड्या निघतात, तेव्हा खाडीच्या मध्यापर्यंत पोचायच्या आत मोटर दमली, तर खुशाल काढून ने. मोटर गेली की होडी गेली, आणि मग तिला दुसऱ्याने धरलेली मासळी विकत हिंडावं लागणार होतं. तरी मला बोलवायला आली तेव्हा म्हणते कशी, "ये गो बाय. बुडलो तर इंग्रजीत ओरडायला कुनीतरी पायजे."

मी गेले. छत्री, पाण्याची बाटली, आल्याच्या वड्या आणि कोरडी साडी घेऊन.

सुरुवातीला आमची होडी सगळ्यांच्या पुढे होती. मग मोटर कण्हू लागली. दिराची होडी शेजारी आली आणि त्याने गोड आवाजात विचारलं, "वयनी, दोरी टाकू?"

तो पुढे गेल्यावर नाखविणीचे डोळे बारीक झाले. मेल्याने टाकीत रॉकेल ओतलं असणार, असं पुटपुटत वास घ्यायला तिने टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत ओढली गेली आणि मोटर अशी गरजली, की माझ्या हातातली वडी खाडीला मिळाली.

त्या झाकणाला टाकीत हवा जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं, की पेट्रोल मोटरीपर्यंत पोचेनासं होतं. तेलात मळलेल्या कुंकवाने ते लिंपून टाकलं होतं. नाखविणीने अंबाड्यातला आकडा काढून भोक मोकळं केलं आणि आपल्या लाल झालेल्या बोटाकडे बघत राहिली.

"मीच हिचा गला दाबला गो," ती म्हणाली. मग ते बोट तिने सावकाश स्वतःच्या कपाळाला टेकवलं. "हिला सोसत नाय. आता मीच लावते."

आम्ही दिराला गाठलं तेव्हा त्याची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तो होडी वळवायचंच विसरला. "दोरी दे, तुला वढते," असं सांगून नाखवीण पुढे निघाली. खाडीच्या मध्यावर पहिला नारळ आमचा पडला.

दिराला तिने खरं कारण कधीच कळू दिलं नाही. मोटरीला एक चापट घातली, एवढंच सांगितलं. पुढे कित्येक दिवस त्याची स्वतःची मोटर विनाकारण चापटा खात होती.

तुमचे आजोबा गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं आणि माझ्या कपाळाबद्दल हळू आवाजात काही चाललं होतं. नाखवीण आली, पहिल्यांदाच पाटीशिवाय. आधी तिने खिडकी उघडली. मग देवघरातली कुंकवाची डबी आणून माझ्यापुढे बसली आणि बोट बुडवत म्हणाली, "हिचा बी दम कोंडू नका गो."

आता ती नाही. फोनवर मला बघून तुम्ही विचारता ना, आजी, एवढं मोठं कुंकू कशाला? हे तिच्या बोटाचं माप आहे.