अर्ध्या शेडची पावडर

एखादं औषध लागू पडतं की नाही हे बघायचं, तर ते काहींना द्यायचं आणि काहींना द्यायचं नाही. यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा वाटायचं आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. पण एवढीशी गोष्ट मी माझ्या आईच्या गळी उतरवू शकलो नाही. त्यापायी माझा एक अख्खा उन्हाळा फुकट गेला आणि त्याचा राग मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरलो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शिरपूरच्या अलीकडे, आमच्या कपाशीच्या रानाच्या कडेला मी ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. शेतकी शाळेत शिकून आलेला मुलगा कोंबड्या पाळतो म्हणून गावाने यथेच्छ चेष्टा करून घेतली. आई माळकरी. घरात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नव्हतं. शेडचे पत्रे चढत होते तोवर ती माझ्याशी धड बोलत नव्हती. मग पिल्लांची पहिली खोकी आली, चिवचिवाट ऐकून ती बघायला म्हणून आली, आणि त्या दिवसापासून शेडमध्ये तिचा पाय माझ्याआधी पडायला लागला. पाणी ती बदलायची, खाली पसरलेली भुईमुगाची टरफलं ती खालीवर करायची, आणि घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायची नाही.

माझ्या डोक्याला ताप होता तो हगवणीचा. पिल्लं जरा मोठी झाली आणि ऊन तापलं, की ती पाणी ढोसायची, पोटं बिघडायची, टरफलांचा चिकचिकाट व्हायचा. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. धुळ्याहून आणलेल्या औषधाने हगवण थांबायची आणि औषध बंद केलं की पुन्हा सुरू. वैतागून शेवटी मी आईकडेच वळलो. आम्हा भावंडांची पोटं बिघडली की ती एक पूड मधात कालवून चाटवायची. वाळवलेला बेलाचा गर, डाळिंबाची साल, ओवा, सुंठ, हळद. तीच पूड मी जास्त प्रमाणात करून खाद्यात मिसळायला लागलो. गिरणीवाल्याने एकदाच दळून दिली आणि मग हात जोडले, कारण पुढच्या गिऱ्हाइकाच्या भाकरीला ओव्याचा वास आला होता. त्यामुळे कुटायचं कामही आईकडेच गेलं.

त्या खेपेला कोंबड्या चांगल्या निघाल्या. पण तेव्हा हवाही थंड होती. पावडरीने गुण दिला की हवेने, हे मला कळेना आणि ते न कळणं मला चैन पडू देईना.

मी खाद्य ज्यांच्याकडून घ्यायचो ते शेठ धुळ्यातले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण यांचा जन्म धुळ्याचाच. आजूबाजूच्या तालुक्यांतले शेडवाले त्यांच्याच दुकानात यायचे. आपली पावडर त्या दुकानात पोत्यांनी लागावी, हे माझं तेव्हाचं एकमेव स्वप्न होतं. तसं झालं असतं तर गावात मी नुसता कोंबडीवाला राहिलो नसतो.

शेठनी पुडी हुंगली आणि म्हणाले, “भाऊ, रोज कोणी ना कोणी पुडी घेऊन येतो. प्रत्येकाची रामबाणच असते. तुम्ही असं करा, शेडच्या मधोमध जाळी मारा. एका बाजूला पावडर द्या, दुसऱ्या बाजूला देऊ नका. बाकी सगळं सारखं ठेवा. कोंबड्या विकायच्या आधी मी स्वतः येतो. फरक दिसला तर माल माझ्या दुकानात ठेवतो.”

मला माणूस एकदम पटला. शेतकी शाळा सोडल्यापासून माझ्याशी कोणी इतकं शहाणपणाचं बोललं नव्हतं.

जाळी मारली आणि आईला बसवून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आनि तिकडल्यास्नं पोट बिघडनं तं?”

“बिघडू दे,” मी म्हटलं. “तेच तं देखनं शे.”

ती उठून उखळाकडे गेली. मी त्याला होकार समजलो.

मग सुरू झाली माझी तपासणी. रोज सकाळी वाकून वाकून मी जाळीच्या दोन्ही बाजूंची विष्ठा बघायचो. वाटेने जाणारे थांबून काय हरवलं म्हणून विचारायचे. पावडरीच्या बाजूला सगळं कोरडं, घट्ट, बघून समाधान वाटावं असं. आणि दुसऱ्या बाजूलाही तसंच. मला वाटलं, ऊन वाढू दे. ऊन वाढलं. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या, पण टरफलं दोन्हीकडे खडखडीत. आपल्याच कोंबड्यांना हगवण लागावी म्हणून डोळे लावून बसलेला मालक अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. एखादी जरा पातळ हगली की माझ्या जिवात जीव यायचा आणि दुसऱ्या दिवशी ती टुणटुणीत उड्या मारताना दिसली की माझं डोकं फिरायचं.

शेठ ठरल्याप्रमाणे आले. नाकाला रुमाल लावून ते दारातच उभे राहिले. त्यांना कोंबडीला हात लावायचा नव्हता, म्हणून मी इकडच्या काही आणि तिकडच्या काही उचलून त्यांच्यासमोर तोलल्या. काटा दोन्ही वेळा जवळजवळ एकाच जागी थांबला. त्यांनी दोन्हीकडची टरफलं नीट बघितली.

“पिल्लं चांगली आली या वेळेस,” ते म्हणाले. “ही जिथली, ती हॅचरी सोडू नका.” पावडरीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, यातच मला उत्तर मिळालं.

संध्याकाळी आईने विचारलं, “काय म्हनना शेठ?”

मी सांगितलं, त्यांना काही फरक दिसला नाही. सगळ्या सारख्याच.

“मंग चांगलंच शे ना ते,” ती म्हणाली. “मी तेस्ले बी दिधी ना रोज.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी हातातला तांब्या आपटला. मी खाद्य टाकून शेताकडे वळलो, की ती उखळातली उरलेली पूड ओच्यात घेऊन जाळीपलीकडे जायची. पहिल्या दिवसापासून. तिने माझ्यापासून काही लपवलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

“एकच पंगतमा बठेल शेतस त्या,” ती म्हणाली. “मझार नुसती जाळी शे. हिकडल्यास्ले वाढो नि तिकडल्यास्नी नुसतं देखो? मन्हाकडथून नई व्हस ते.”

लग्नाकार्यात वाढताना तिचा हात कधी कोणाच्या पत्रावळीवर अडखळला नाही, हे सगळ्या भाऊबंदांत प्रसिद्ध होतं. पण ही पंगत नव्हती. मी ओरडून सांगितलं, की पुढच्या आठवड्यात या सगळ्या खाटकाकडेच जाणार आहेत.

“जावापावत तं आपल्याच शेतस ना,” ती म्हणाली.

जाईपर्यंत म्हणे आपल्याच. मी न जेवता उठलो. रात्रभर ती स्वयंपाकघरात काहीबाही करत होती, आणि सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसली होती. धुळ्याला जाऊ म्हणाली. मी नको म्हटलं. तेव्हा ती एकटीच एसटीच्या थांब्याकडे चालू लागली आणि मला मागे जावं लागलं.

दुकानात गर्दी होती. पेंडीच्या पोत्यांमधून वाट काढत ती थेट गादीसमोर गेली. आयुष्यात कधी परक्या दुकानदाराशी दोन वाक्यं न बोललेली माझी आई चारचौघांत म्हणाली, “शेठ, मन्हा पोऱ्यानी काही चूक नई शे. तिकडल्या कोंबड्यास्ले बी मीच पावडर दिधी. म्हनीसन फरक दिसना नई.”

शेठनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. आणि अगदी मायेने म्हणाले, “मावशी, तुम्ही आई आहात. लेकरासाठी आई बोलतेच. त्यात वाईट काही नाही.”

दुसऱ्या कोणाची आई येऊन असं बोलली असती, तर मीही हेच म्हटलं असतं. आईने चहाला हात लावला नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. नरडाण्याचा फाटा आला तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“मी खोटं बोलस असं वाटनं त्याले,” ती म्हणाली.

मी म्हटलं, जाऊ दे. पण ते मलाच जाऊ देता येत नव्हतं. मला तिचा राग होता, शेठचा होता आणि सगळ्यात जास्त राग दोघंही चुकलेले नव्हते याचा होता.

मग ती म्हणाली, “पुढला बारीले असं कर. जेस्ले देवानं नई, त्या माले दखाडू नको. मी तठे येत नई.”

ज्यांना पावडर द्यायची नाही ती पिल्लं आपण बघायचीच नाहीत, असा तोडगा तिने काढला होता. तिच्या दृष्टीने तो मोठा त्याग होता, कारण त्या पिल्लांचा तिला लळा लागला होता. मी तिच्याकडे बघितलं. कुटून कुटून तिच्या तळहातांना हळदीचा पिवळा रंग चढला होता. मी म्हटलं, राहू दे आई, बठ्ठ्यास्लेच देऊ.

शेड होतं तोवर सगळ्यांनाच दिली. कोंबड्या बहुतेक वेळा चांगल्या निघाल्या, कधी नाहीही निघाल्या. ती पावडर खरोखर लागू पडायची की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.