सहमच्या गॅरेजमधलं अर्थिंग

रमण,

परवा खुदेजाचा फोन आला होता. मुनीर तिच्याच चुकीनं गेला, हेच ती अजून धरून बसली आहे. मी पुन्हा समजावलं, तिनं पुन्हा मानलं नाही. तुझ्याकडे विषय काढला की तू "बघू, बाई" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. म्हणून तुझीच गोष्ट तुला तिऱ्हाइताची म्हणून सांगते. निदान शेवटपर्यंत ऐकून घे.

रमण गावस हा सावंतवाडीकडचा इलेक्ट्रिशियन. ओमानमध्ये, सहमला, एका मेंटेनन्स कंपनीत होता. आठवडाभर कंपनीचे एसी आणि पंप, शुक्रवारी ओळखीपाळखीची कामं. हाताला सफाई होती, पण नाही म्हणायचं त्याला जमत नसे. कुणी गळ घातली की तोंडातून 'होय' आधी निघायचं आणि डोकं मागून यायचं. तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाईंकडे तो गीझर दुरुस्त करायला आला आणि मग चहाला येत राहिला. नाही म्हणायला शीक, असं बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो हसला होता.

मुनीर राजापूरचा सुतार. सहमलाच अर्बाबच्या, म्हणजे ओमानी घरमालकाच्या, घराच्या मागल्या भागात बायको खुदेजा आणि लेक मुनिबा यांच्यासह भाड्यानं राहायचा आणि तिथल्याच गॅरेजमध्ये मंदूस बनवायचा, म्हणजे लग्नात द्यायच्या, पितळी खिळे ठोकलेल्या लाकडी पेट्या. हातानं माणूस किती रंधणार? २०१४ साली सोहारला एक वर्कशॉप बंद पडलं, तिथून त्यानं जुनं रंधा मशीन आणि पट्टा-करवत उचलून आणली. गॅरेजमध्ये होता एक दिवा आणि वॉशिंग मशीनचा एक सॉकेट. मशिनांना हवी थ्री फेज.

वीजजोडणीचा अर्ज घरमालकाच्याच नावानं जातो. "अर्बाब, एक सही." "इन्शाल्ला." असं करत उन्हाळा आला, तेव्हा कुठे सही झाली. लायसनवाल्या कंत्राटदारानं नकाशावर शिक्का मारला आणि तो पुन्हा फिरकला नाही. नवा मीटर बसला. मीटरच्या अलीकडचं सगळं रमणनं शुक्रवारी येऊन केलं: जाड केबल, नवा बोर्ड, प्रत्येक मशीनला वेगळा ब्रेकर, आणि वीज जरा कुठे गळली की सगळं बंद करून माणूस वाचवणारा तो एक स्विच, ईएलसीबी.

अडलं ते अर्थिंगपाशी. गळलेली वीज जमिनीत उतरवणारा रॉड अर्धा गेला आणि खाली खडक लागला.

"दुसरीकडे ठोकूया," रमण म्हणाला.

"दुसरीकडे अर्बाबच्या खजुराची मुळं हायत. त्यांना धक्का लागला तर तो मलाच ठोकील," मुनीर म्हणाला. "यल्ला, चल रमणदादा, हितंच काय ते कर."

रमणनं गावाकडे करतात तेच केलं. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरला, वर माती ओढली. "भाभी," तो खुदेजाला म्हणाला, "रोज एक बादली पाणी ओता हां इथे. माती ओली राहिली की अर्थिंग चांगलं."

कोकणात हे चालतं. जमीनच मुळात ओली. सहमच्या या बातिना किनाऱ्याच्या वाळूत बादलीभर पाणी किती टिकणार? पण खुदेजानं ते व्रत घेतल्यासारखं घेतलं. "झाडाला ओतलं तर लिंबू तरी देतं. हा मुडदा काय देणार?" असं बडबडत ती रोज बादली रिकामी करायची.

जुन्या रंधा मशीनच्या मोटरीतून वीज गळत होती. फळी अर्ध्यावर गेली की ईएलसीबी पडून मशीन थांबायचं आणि लाकडावर पायरी उठायची. थंडीत लग्नं, मंदुसांची मागणी तोंडावर आलेली.

"रमणदादा, हे तुझं नाटक किती दिवस? डायरेक्ट कर नि खलास कर."

"अरे, तो तुझ्याच जिवासाठी आहे."

"जिवाला पोट पण आहे ना!"

रमणनं डायरेक्ट केलं. स्विच बोर्डावर तसाच ठेवला आणि वायर त्याला वळसा घालून नेली. "पुढच्या शुक्रवारी मोटर रिवाइंडिंगला नेऊ, मग परत जोडतो." पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाचा तरी पंप जळला होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारचं आता काय सांगायचं! मशीन सुरळीत चालत होतं, आणि चालतं मशीन कोण उघडतो?

डिसेंबरात बहिणीच्या लग्नासाठी खुदेजा मुनिबाला घेऊन राजापूरला गेली. तिथून रोज फोन. "खड्ड्यात पाणी घातलंत?"

"ते काम मी एसीला दिलंय. त्याच्या पाण्याची नळी थेट खड्ड्यात सोडली. तुझ्यापेक्षा बरा, बडबडत तरी नाय."

मग थंडी पडली, एसी बंद झाला आणि नळी सुकली. ते कुणाच्या ध्यानात यायचं?

एका जुम्याला, शुक्रवारी, मुनीरनं वजू केली, हातपाय धुतले. नमाजाला निघताना मशीन चालूच राहिल्याचं त्याला दिसलं. ओल्या, अनवाणी पायांनी तो सिमेंटवरून गेला आणि बंद करायला मशीनला हात लावला. शेजारच्या पंपाच्या कामाला आलेल्या रमणनं मशीनचा आवाज ऐकून डोकावलं. आधी त्यानं मेन पाडला, मग मशीनपाशी पालथ्या पडलेल्या मुनीरला उताणं केलं. तो गेला होता. मग त्याची नजर बोर्डावरच्या त्या स्विचकडे गेली. तो पडलाच नव्हता, वर होता, अगदी जसा असायला हवा तसा.

खुदेजाला पोचता आलं नाही. दफन सहमलाच झालं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंदवलं. संध्याकाळी तिचा फोन आला तो रमणलाच.

"रमणदादा, खरं सांगा. खड्डा कोरडा होता ना?"

"होय," रमण म्हणाला.

खोटं नव्हतं ते. पण पुढचं वाक्य आलं नाही. खड्डा ओला असता तरी मुनीर वाचलाच असता असं नाही. तो स्विच जोडलेला असता तर वाचला असता. हे रमणला तेव्हाही ठाऊक होतं. पलीकडे खुदेजा म्हणाली, "मी जायला नको होतं," आणि त्यानं ते ऐकून घेतलं.

काही आठवड्यांनी त्यानं बाईंपुढे सगळं ओकलं. बाई म्हणाल्या, "रडू नकोस, जाऊन सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल बाईंना विजेतलं काय कळतं. तुझंच ऐकेल. रजेवर जातोयस ना? राजापूर तुझ्या वाटेवरच आहे."

"होय बाई," रमण म्हणाला. नाही म्हणायचं त्याला कुठे जमतं!

मुंबईहून सावंतवाडीची एसटी राजापूरला चहासाठी थांबली. रमण खाली उतरला. खुदेजाचं घर स्टँडमागच्या आळीत, कुणीही दाखवलं असतं. त्यानं चहा घेतला, पैसे दिले. कंडक्टरनं हाक मारली, तसा तो गाडीत चढला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.