मुहर्रकची गल्ली आणि बाबांचा कप

बाबांच्या व्हिसाचा शेवटचा शुक्रवार. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी आपला कप धुऊन खिडकीत उपडा ठेवला आणि आम्ही तुबलीहून निघालो. आखातातल्या या बेटावर, तुबलीच्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपात माझं काम, मागच्याच खोलीत मुक्काम. बाबा कुठेही चहा प्याले की स्वतःचा कप स्वतः धुणार. मी मित्रांना कौतुकाने सांगायचो, "याला म्हणतात शिस्त!"

महिनाभरात बाजार, समुद्र, सौदीचा पूल असं सगळं त्यांना दाखवून झालं होतं. पण आदल्या दिवशी जेवता जेवता त्यांनी विचारलं, "सात वर्सं झाले तुले इथं. इथल्या एखाद्या मान्साच्या घरात जाऊन बसला का कधी?"

"नाही."

"मंग गावात जाऊन मी काय सांगू? बिल्डिंगा पायल्या?"

लागलंच ते मला. वर्कशॉपच्या अरब साहेबाच्या घरचा एसी मी दहादा दुरुस्त केला असेल, पण दर वेळी बाहेरच्या जिन्याने गच्चीवर जाऊन.

मनामाहून बसने पूल ओलांडला की मुहर्रक. मोत्यांच्या व्यापाराच्या काळातलं खरं शहर हेच. उतरल्या उतरल्या हलव्याची दुकानं लागली. केशरी, तुपाने चकाकणारा हलवा. दुकानदाराने चमचाभर चाखायला दिला. "खीर गोठली वाटते," बाबा म्हणाले आणि पुन्हा हात पुढे केला.

पुढे गल्ल्या अरुंद होत गेल्या. घरं समुद्रातून काढलेल्या दगडांची, छताला खजुराची खोडं, वर कुठे कुठे बादगीर (वारा घरात उतरवणारा मनोरा). डोक्यावरून विमानं जात होती, पण बाबांनी मान वर केली नाही. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस! एका भिंतीपाशी थांबून ते नखाने चुना खरवडायला लागले.

समोरच्या दारातून एक म्हातारा ओरडला, "क्या देखता?"

"चला बाबा, उगाच लफडं नको," मी त्यांचा हात ओढला.

बाबा हलले नाहीत. "चूना अच्छा है, चाचा. किसने बनाया?"

"मेरा बाप!" म्हातारा खूश. तरुणपणी तो मुंबईला जाऊन आला होता, तिथलं हिंदी अजून जिभेवर होतं. "तफद्दल!" (या, आत या!)

मजलिशीत (बाहेरच्या बैठकीत) गालिच्यावर तीन शेजारी बसले होते. म्हाताऱ्याने कहवा (बिनदुधाची अरबी कॉफी) ओतायला घेतला. बिनकानाचे छोटे कप दोनच, माणसं सहा. एकाचं पिऊन झालं की तोच कप न विसळता भरून पुढच्याकडे. कप आला तेव्हा बाबा क्षणभर थबकले. मग प्याले, उठले, अंगणातल्या नळावर कप धुतला आणि बाहेर पायरीवर, सगळ्यांपासून लांब, उपडा ठेवून आले.

म्हाताऱ्याचा चेहराच उतरला. "मेहमान हमारा बर्तन धोता? कहवा खराब?"

"नहीं नहीं, इनको सफाई की..." मी सावरायला गेलो.

"खोटं काहून बोलतं?" बाबांनी मला गप्प केलं आणि त्याच्याकडे वळले. "छोटा था, तब गाँव के होटल में हमारी जात का कप अलग था, चाचा. पीके, धोके बाहर रखना पड़ता था. हाथ को आदत हो गई."

वेगळ्या कपांच्या गोष्टी मी भाषणांतून कितीदा ऐकल्या होत्या. घरातल्या कपाशी त्यांचा संबंध मात्र कधी जोडला नव्हता. धम्मदीक्षेनंतर कोणापुढे न वाकलेला माझा बाप! त्याच्या त्या सवयीचं मी कौतुक सांगत फिरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हाताऱ्याने शेजाऱ्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. मग तो स्वतः उठला, पायरीवरचा कप उचलून आणला, भरला आणि स्वतः प्याला. तोच कप, न विसळता, पुन्हा भरून त्याने बाबांपुढे धरला.

बाबा प्याले. कप रिकामा झाला की म्हातारा पुन्हा भरायचा. नको असेल तर कप हलवून दाखवायचा, हे आम्हाला कुठे ठाऊक? पाचव्या कपाला बाबांनीच हात जोडले, "खलास, चाचा!" तेव्हा सगळी बैठक हसली.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "आता गावात काय सांगाल?"

"भिंत चांगली होती म्हनीन," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. डोळे मात्र पुसत होते.

संध्याकाळी खोलीवर मी चहा केला. पिऊन झाल्यावर बाबांनी कप तसाच खाटेखाली ठेवला आणि आडवे झाले.

"आज तू धू," म्हणाले.

मी धुतला आणि फळीवर माझ्या कपाशेजारी ठेवला.