भिंतीचा माथा

अर्विड कुम्पुला सदतीस वर्षं खाणीत होता, आणि त्यातली तीस वर्षं तो आणि त्याची बायको हिल्मा कंपनीच्या घरात राहिले. त्या घराला भिंती होत्या एवढंच, ऊब कधी नव्हती. नोव्हेंबरात अंगात चढवलेला लोकरी कोट हिल्मा एप्रिलमध्ये उतरवायची. भाकरी भाजायची तीही कोटातच. तिची छाती आधीपासून अधू. खाण बंद पडली त्या वर्षी अर्विड तिला म्हणाला, "आपलं घर बांधतो. एक हिवाळा तरी तू घरात कोटाशिवाय बसशील." नुसतं बोलून मोकळा झाला नाही, खरोखर बांधायला घेतलं. तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल फारसं चांगलं सांगता येणार नाही.

आम्ही फिनिश माणसं घर बांधायला निघालो की आधी सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, बांधतो. घर पुरं होईस्तोवर राहायचं तिथेच, आंघोळही तिथेच. अर्विडनेही जूनमध्ये सॉना उभा केला. बाहेरची खोली झोपायला, आतली दगड तापवायला. दुकानातून ऊब कोंडून धरणाऱ्या काचलोकरीच्या, ग्लासवूलच्या गुंडाळ्या आणून भिंतींत जाड थर भरला, छतात दुप्पट. "कुम्पुलाच्या सॉनात ऊब टिकत नाही असं कुणी म्हणता कामा नये," तो म्हणाला. घरासाठी बाजूला काढलेल्या पैशांचा मोठा लचका तिथेच तुटला. गावात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

मग छप्पर झालं, धुराडं झालं, आणि भिंती भरायची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा. दुकानात जाऊन तो ग्लासवूलचा भाव विचारून आला आणि पायरीवर बसून राहिला. शेजारचा टाउनो कुंपणाशी उभा होता.

"तोंड का पाडून बसलायस?"

"सगळ्या घराला पुरेल एवढं ग्लासवूल मला परवडत नाही. निम्म्या भिंतींचंच होईल."

"मग लाकडाचा भुसा भर की. सॉ मिलवाले फुकट देतात, वर ढीग हलवल्याबद्दल आभार मानतात. आपल्या बापांनी काय भरलं होतं?"

अर्विडला हे पटलं. त्याच्या बापाचं घर साठ हिवाळे भुशावर उभं होतं. सप्टेंबरभर तो पोती वाहत होता. उंदीर आणि ओल लागू नये म्हणून भुशात चुना कालवायचा, आतून एकेक फळी ठोकत जायचं, फळीमागे भुसा ओतून दांड्याने ठासायचा. अंगण पांढरं झालं, भुवया पांढऱ्या झाल्या.

हिल्मा कॉफी घेऊन आली आणि वर बघत म्हणाली, "भिंतीचा माथा मोकळा ठेव. भुसा खाली बसतो. आमच्याकडे दर ऑक्टोबरला आई नि मी माळ्यावर चढून भिंतींत पोती रिकामी करायचो."

"आमच्या घरी असलं काही नव्हतं."

"होतं रे. तू कुठे घरी असायचास? सोळाव्या वर्षी खाणीत उतरलास. तुझी आई करत असणार."

"लाकूडवाल्याने नकाशा दिलाय, त्यात माथ्यावर लाकडाची दुहेरी पट्टी आहे, माथा बंदच. जुनी घरं वेगळी. आणि मोकळं ठेवून काय, उंदरांना दार करून देऊ?"

"निदान पट्टीला भोकं तरी पाड."

"हिल्मा, मी ठासून भरलाय. जागचा हलणार नाही."

"बरं बाबा, तू शहाणा," ती म्हणाली आणि कप उचलून गेली.

ऑक्टोबरात ती दोघं घरात राहायला आली. हिल्माने कोट काढला, खुंटीला लावला. ती सहा आठवडे कोटाशिवाय वावरली आणि अर्विड गावभर सांगत सुटला. डिसेंबरात पारा उतरला आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर आतून, अगदी वरच्या फळीत, खिळ्यांच्या डोक्यांवर हिम धरू लागलं. एक सरळ ओळ. नाताळ झाला तशी दुसरी ओळ, तिच्या खाली. गार हवा भिंतीवरून घसरत हिल्माच्या पलंगावर यायची. एका सकाळी तिने कोट खुंटीवरून काढून अंगात घातला. एक शब्द बोलली नाही, आणि तेच अर्विडला जिव्हारी लागलं.

टाउनोने येऊन भिंत ठोकली. खाली बद्द, वर पोकळ. "हातभर बसलाय," तो म्हणाला. "आता वरून फोडून काय भरणार? सॉ मिलचा ढीग बर्फाखाली दगड झालाय. ओला भुसा घातलास तर भिंतच कुजेल."

डेट्रॉइटहून मुलीने, एलेनने, फोनवर हट्ट धरला, "आईला इकडे पाठवा, बाबा." हिल्मा तयार होईना. "घर बांधलं ते सोडून जायला?" शेवटी पलंग उचलून सॉनाच्या बाहेरच्या खोलीत नेला. तिथे मात्र अशी ऊब होती की तिने कोट पुन्हा काढला. अर्विड तिच्यासाठी माशाचं कालवण घेऊन जायचा आणि बर्फ तुडवत परत यायचा, कारण नव्या घरातली चूल विझू द्यायची नव्हती, नाहीतर नळ गोठले असते.

"माझी आई सॉनातच बाळंत झाली," हिल्मा एकदा म्हणाली. "मी आले सॉनातून, जायचीही सॉनातूनच. इतकं कुणाचं जमतं?"

"तोंड आवर."

"अरे, हस की जरा म्हाताऱ्या. कोट नाहीये अंगात. बोलल्याप्रमाणे केलंस तू."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिची छाती भरली. डॉक्टर आले, पण उशीर झाला होता.

मे महिन्यात सॉ मिलचा भुसा वाळला. अर्विड माळ्यावर चढला आणि माथ्याच्या पट्टीला भोकं पाडली. पहिल्याच भोकात त्याने हात घातला. कोपर आत गेलं, दंड आत गेला, तरी भुसा लागेना. तो तसाच, खांद्यापर्यंत हात भिंतीत घालून, बराच वेळ पालथा पडून होता. मग उठला आणि संध्याकाळपर्यंत पोत्यांमागून पोती ओतत राहिला. ऑक्टोबरात पुन्हा चढला, पुन्हा भरलं.

त्या नाताळात एलेन आली. दार उघडून आत आली आणि स्वेटर काढत म्हणाली, "बाबा, किती उबदार आहे हो घर!"

"हं," अर्विड म्हणाला.

आवरताआवरता तिने खुंटीवरचा कोट हातात घेतला. "आईचा हा कोट चर्चमध्ये देऊन टाकू? कुणाच्या तरी अंगाला लागेल."

"राहू दे," तो चुलीत लाकूड सारत म्हणाला. "भुसा दर वर्षी बसतो. तुझ्या आईला लागेल."

एलेनने कोट पुन्हा खुंटीला लावला.