सासूबाईंची आदोळी प्रदर्शनात

पेडण्याजवळच्या आमच्या गावातली भाताची गिरण बंद पडली आणि काही वर्षांनी तिथं एका ट्रस्टने आर्ट गॅलरी काढली. तिकीट नाही, विक्री नाही. म्हणूनच गावातलं कुणी फिरकेना. फुकट दाखवतात म्हणजे मागाहून काहीतरी गळ्यात मारणार, असा सर्वांचा अंदाज. मी तिथं दारावर बसायचे, दिवे लावायचे आणि येणाऱ्यांची नावं वहीत लिहायचे. वही कोरीच.

मग गॅलरी चालवणाऱ्या बाईंनी घरोघर फिरून रोजच्या वापरातली एकेक वस्तू प्रदर्शनासाठी मागितली. शेजारणीने पाणी तापवायचं तांब्याचं भाण दिल्याचं कळताच सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि घरातली एकुलती एक आदोळी उचलून देऊन आल्या. आमच्याकडे नारळ कातायचा, म्हणजे खवायचा, तो तिच्या पाटावर बसूनच.

तीन दिवस आम्ही खोबऱ्याशिवाय जेवलो, म्हणजे हुमण नाही, माशांची आमटीच नाही. चौथ्या दिवशी सासरे ताटाकडे बघून म्हणाले, "घरात कोण आजारी आसा काय?"

दुसऱ्या सकाळी सासूबाई दोन नारळ फोडून, पिशवीत घालून गॅलरीत हजर.

"आई, इथल्या वस्तूंना हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"माजी आदोळी, आणि माकाच हात लावूक नाय?"

आदोळी मांडलेल्या पांढऱ्या चौथऱ्यावर त्या सरळ चढल्या, आदोळीवर बसल्या आणि कातायला लागल्या. नेमका तेव्हाच पणजीहून सात-आठ जणांचा गट आला. सगळे गप्प उभे राहिले. खर्र खर्र एवढाच आवाज. एक दाढीवाला तर उकिडवा बसून व्हिडिओ घेऊ लागला. शेवटी एका मुलीने हळूच विचारलं, "आजी, हे कशाबद्दल आहे?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "हुमणाबद्दल."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. दुसरा नारळ संपला तेव्हा टाळ्या पडल्या. सासूबाई दचकल्या, मला म्हणाल्या, "ह्यांका खोबरा होया दिसता," आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवलं. लोकांनी ते डोळे मिटून खाल्लं.

माझी नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. पण दारात उभ्या बाई हसत होत्या. "आजी, उद्याही याल?"

"येवचाच पडतला. माका खंय दुसरी आदोळी आसा?"

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, कारण तिला राहवेना. आठवड्याभरात सकाळी दहाला निम्मी आळी गॅलरीत असायची. गप्पा संपल्या की बायका भिंतींकडेही बघायच्या. एका चित्रात खाणीची लाल मातीच रंग म्हणून वापरली होती. त्यापुढे सासूबाई थबकल्या. त्यांचा भाऊ सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचे ट्रक चालवायचा.

"ह्या रंगाचे शर्ट मी धुयलेत," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी भावाला बोलावून घेतलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, डिचोलीहून बस बदलत आले. चष्मा पुसून चित्र खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "काढणाऱ्याची कंबर दुखता काय?"

"माहीत नाही."

"दुखत नसात तर तो कधी ट्रकार बसाक नाय," असा निकाल देऊन ते समोरच्या बाकावर बसले, ते चांगला अर्धा तास उठलेच नाहीत.