आक्काचं पाणी

आमच्या समोरच्या घरातल्या नानांइतका गाडीवर जीव लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि त्यांच्या गाडीइतकी पाणी पिणारी गाडी तर उभ्या हिंदुस्थानात नसेल. नाना जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. गाडी आकाशी रंगाची, कुण्या जिनिंगवाल्या शेठनं भंगारात काढलेली. वयानं नानांपेक्षा लहान, पण खोकला थोरल्या बहिणीसारखा, म्हणून तिचं नाव आक्का. नाना माणसांशी स्वच्छ शाळेतलं मराठी बोलायचे आणि आक्काशी अहिराणी. सकाळी बॉनेटवर हात ठेवून विचारायचे, "काय वं आक्का, ऊठनी का?" मग चावी फिरवायची. आधी कोरडा खोकला, मग घसा खाकरणं, मग एक लांब हुंकार. दोघांचीही नक्कल मला इतकी जमायची की एकदा मी ओट्यावर बसून आक्का सुरू केली, तर काकू आतून ओरडल्या, "अहो, डबा राहिला." नाना शेजारीच उभे होते. म्हणाले, "बरी जमली. पण खाकरणं अजून ओलं पाहिजे."

आक्काला तहान फार. जळगावहून धुळ्याला निघालं की गिरणेचा पूल ओलांडल्यावर एकदा, एरंडोलला एकदा, पारोळ्याच्या अलीकडच्या विहिरीवर एकदा, आणि मग जिथं उष्णतेचा काटा वर चढेल तिथं. प्रत्येक विहिरीला नानांचं एक ठरलेलं झाड होतं. त्याखाली सतरंजी पडायची, आक्का निवायची, काकू भाकरीवर ठेचा ठेवायच्या आणि त्यांची सुमी लिंबोळ्या वेचायची. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकताना दिसायचं. लहान असताना सुमीनं विचारलं, ते काय आहे, तर नाना म्हणाले, "आपल्या आक्काचं गळालेलं पाणी. पुढं जाऊन थांबतं आपल्यासाठी." सुमीला ते खरं वाटायचं. मला ती गोष्ट खोटी आहे हे माहीत होतं, तरी गाडीत बसलो की मीही त्या पाण्याकडे बघत बसायचो. आक्का इतकी सावकाश चालायची की झोप आणि रस्ता यात फरक राहायचा नाही. कापसाची शेतं, केळीचा बाग, एक बैलगाडी, पुन्हा कापूस. डोळा लागायचा, उघडायचा, तरी तीच बैलगाडी.

मग सुमीचं लग्न ठरलं, धुळ्याला. नानांनी तिला ती एवढीशी होती तेव्हाच शब्द दिला होता की सासरी जाशील तर आक्कातून. नातेवाईक म्हणाले, "नाना, बाप कधी पाठवणीला जातो का?" नाना म्हणाले, "बाप इथंच मांडवात ठेवून जाईन. गाडीसोबत डायव्हर तर लागतो ना?" अडचण दुसरीच होती. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि नानांच्या हिशेबात आक्का घरचीच बाई. धुळ्याला पोचून ती व्याह्याच्या दारात तहानेली उभी राहणार, आणि परत यायला पाणी भरणार कुठून? मी म्हटलं, "नाना, डिकीत दोन डबे ठेवू." नाना म्हणाले, "दारात उभं राहून स्वतःचं पाणी पिणं हा तर व्याह्याचा अपमान." म्हणजे लग्नाआधी गळती सापडलीच पाहिजे. नाही तर आक्का घरी आणि शब्द मोडला.

गळती मात्र कुठं दिसत नव्हती. रेडिएटरला डाग दिले, रबरी पाइप बदलले. नाना गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचे. सकाळी पेपर कोरडा आणि पाणी कमी. सगळं पाणी जातं कुठं, हे नाना कपाळाला हात लावून आक्कालाच विचारायचे, "बठ्ठं पानी कथा गयं वं?" एका ट्रकवाल्यानं सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बुजतं. नानांना हळद कमकुवत वाटली. त्यांनी घरातलं कळण्याचं पीठ टाकलं, ज्वारी-उडदाचं, चांगलं चिकट. एरंडोलला पोचेपर्यंत गाडीत सैपाकघराचा वास सुटला. बॉनेट उघडलं तर आत रटरट शिजत होतं. काकूंनी डोकावून शांतपणे विचारलं, "मीठ घातलं का?" त्या दिवशी आम्ही ट्रकला दोर बांधून परत आलो. पुढचे कितीतरी दिवस नाना नळी लावून आक्काच्या पोटातलं पिठलं धूत होते.

शेवटी त्यांच्यातला चित्रकलेचा मास्तर जागा झाला. एका सकाळी बघतो तर नाना ब्रश घेऊन इंजिनाला चुना देत होते. घराला दिवाळीत देतात तसा पातळ, एकसारखा, कोपऱ्याकोपऱ्यात. गल्ली जमली. मी नानांच्या आवाजात म्हणालो, "खाली गेरूचा पट्टा पण ओढा सर." नाना म्हणाले, "कागद पांढरा असल्याशिवाय रेघ दिसत नाही, गधड्या." चुना वाळला, आक्का सुरू झाली, आम्ही दोघं टॉर्च घेऊन बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपच्या मागं, त्या पांढऱ्यावर, एक तांबूस ओघळ उतरला. बारीक, रडून झोपलेल्या पोराच्या गालावर असतो तसा. तिथं इंजिनाला वाटीएवढी पत्र्याची टोपी ठोकलेली असते. विहिरीविहिरीचं खारं पाणी पिऊन ती गंजली होती आणि तिला सुईएवढं भोक पडलं होतं. पाणी गरम पाइपवर पडायचं आणि जमिनीला लागायच्या आधीच वाफ होऊन जायचं. नानांनी छिन्नीनं जुनी टोपी काढली, कड पॉलिश पेपरनं घासली आणि नवी पितळी टोपी हळूहळू ठोकून बसवली. कान टोचताना सोनार जपतो तसं.

पाठवणीच्या दिवशी मागं सुमी, नवरदेव आणि पाठराखीण मावशी, पुढं मी. नानांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, "चाल वं माय, पोर सासरले जाई ऱ्हायनी." आक्का एकदाही खोकली नाही. गिरणेचा पूल गेला, एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडं सुमी म्हणाली, "नाना, विहीर गेली आपली." नाना काट्याकडे बघून म्हणाले, "तिला तहान नाही आज." समोर रस्त्यावर पाणी चमकत होतं. थोड्या वेळानं सुमीनं विचारलं, "आता गळत नाही, मग ते कुणाचं?" नानांनी गाडी इतकी हळू केली की सायकलवाले पुढं गेले. तरीही धुळं लवकर आलं. व्याही लोटा घेऊन बाहेर आले. नानांनी बॉनेट उघडून त्यांना काठोकाठ भरलेलं पाणी दाखवलं आणि म्हणाले, "आम्हा दोघांनाही नको." येताना रिकाम्या गाडीत ते प्रत्येक विहिरीवर थांबले. मी उतरून पाणी शेंदायचो, ते बघायचे, म्हणायचे, "राहू दे, भरलेली शे." आणि सावलीत उभे राहायचे. माझ्याशी ते अहिराणीत बोलले ते त्याच दिवशी.

पुढं सुमीला मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला सोडायला आम्ही आक्कातून धुळ्याला गेलो. सुमीनं नानांच्या हातात तांब्या दिला. नानांनी तो एका दमात रिकामा केला, जणू लग्नापासूनची तहान. मग ती कळशी घेऊन आक्काकडं गेली. आक्का एव्हाना निवली होती. मी म्हटलं, "अगं, काठोकाठ आहे तिच्यात." नाना म्हणाले, "असू दे. ओत थोडं. तिनंपण पाळलंय एवढे दिवस." सुमीनं ओतलं. पाणी अर्थातच सगळं बाहेर आलं, आकाशी पत्र्यावरून ओघळत अंगणात गेलं. दोघं बापलेक त्याच्याकडं बघत उभे राहिले, आणि कुठून गळतंय हे त्या दिवशी कुणीच शोधलं नाही.