दत्तण्णांच्या कनेक्शन पूलमधली चूक

श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही. तरी लिहितेय.

दत्तण्णा जाऊन आज वर्ष झालं.

आमच्या मैसूरच्या ऑफिसात घरी मराठी बोलणारे दोघंच. ते आणि मी. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी येतं काय गं?"

"येतं अण्णा, स्वल्प स्वल्प."

झालं! त्या दिवसापासून मी घरचं माणूस.

एका लॅबचं काम होतं. पेशंटचे रिपोर्ट दूरच्या सर्व्हरवरून मागवायचे. आमचा जावास्क्रिप्टचा कोड रिपोर्ट मागवायच्या दर कॉलला नवं कनेक्शन उघडायचा, म्हणून सगळं रडतखडत चालायचं. अण्णांनी कनेक्शन पूल बसवला, म्हणजे ठरावीक कनेक्शनं उघडीच ठेवायची आणि तीच आळीपाळीने वापरायची.

"हे बघ, समाजाच्या हॉलमधल्या पातेल्यांसारखं. दहाच आहेत. न्यायचं, काम झालं की आणून ठेवायचं. भात करपला तरी पातेलं परत यायला पाहिजे. गोत्तायता, कळलं?"

परत ठेवायचा कोड मी लिहायचा होता.

अण्णा सगळ्यांचा कोड ओळ न ओळ तपासायचे. पोरं वैतागायची. मला फक्त विचारलं, "कॉल फेल झाला तरी कनेक्शन परत येतं ना? टेस्ट केलंस?"

"केलं अण्णा."

कसलं केलं! टेस्ट करत बसले असते तर घरची बोगादीची बस चुकली असती.

"आयतु मग," म्हणाले, आणि न बघता पास केलं.

पुढच्याच सोमवारी लॅबचा सर्व्हर अडखळायला लागला. फेल झालेला प्रत्येक कॉल एकेक कनेक्शन अडकवून बसला. दहाच्या दहा गेली. स्क्रीन नुसती फिरत राहिली आणि रिपोर्टला आलेली म्हातारी माणसं बाकावर ताटकळली.

कनेक्शन परत ठेवायची राहिलेली ओळ मी गुपचूप घातली. सगळं सुरू झालं.

अण्णांनी परत विचारलं, "तुझा भाग बरोबर होता ना?"

परत म्हटलं, "हो अण्णा."

मी सांगितलं म्हणून माझ्या कोडमध्ये डोकावलेसुद्धा नाहीत. मीटिंगमध्ये म्हणाले, "पूल माझा, चूक माझी."

टीम त्यांच्या हातून गेली. माझ्याकडे आली. मी घेतली.

बाहेर आल्यावर मलाच म्हणाले, "बिडु गं, सोड, तू नको रडू."

गेल्या आठवड्यात तिथीप्रमाणे वर्षश्राद्ध झालं. वाढता वाढता अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशीपण तो पूलचा कोडच घेऊन बसायचे. 'माझी चूक सापडत नाही गं' म्हणायचे. गेले त्या दिवशीपण लॅपटॉपवर तेच उघडं होतं."

तरी तिथेही मी बोलले नाही. स्वतःचीच शिसारी येते.

थकले मी हे वागवून.

आज सकाळी टीमच्या ग्रुपवर सगळं लिहिलंय. संध्याकाळी वहिनींकडे जाऊन तोंडाने सांगणार आहे. त्या दारात उभं करतील की नाही, माहीत नाही.

अण्णा, तुमच्या पूलमध्ये चूक नव्हती.

आता शोधू नका.

नमस्कार करते.